काकांच्या मृत्युपत्राला हरकत घेतली तर मावशीला फक्त १ रुपया? खरंच असं होतं का?

सायली_डोंबिवली

नमस्कार मंडळी, प्रश्न माझ्या सख्ख्या मावशीचा आहे, थोडं लांबेल पण प्लीज पूर्ण वाचा.

मावशीचं लग्न उशिरा झालं, काकांचं हे दुसरं, पहिली बायको वारल्यानंतर केलेलं. पहिल्या बायकोपासून एक मुलगा आहे, पुण्यात असतो, लग्न झालंय. मावशीला मूलबाळ नाही. काका गेल्या दिवाळीच्या आधी गेले आणि तेरावं झाल्यावर मुलाने मृत्युपत्र बाहेर काढलं, रजिस्टर केलेलं, दोन साक्षीदारांच्या सह्या असलेलं. मावशीला त्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. शेवटच्या वर्षी काका डायलिसिसवर होते आणि त्याच काळात एक दिवस मुलगा "जरा फिरवून आणतो" म्हणून गाडीतून घेऊन गेला होता, तो दिवस हाच असणार असं आता ती म्हणते.

मृत्युपत्रात असंय की डोंबिवलीचा फ्लॅट मुलाला, मावशीला हयातीपर्यंत राहायची मुभा. कराडचा प्लॉट मुलाला. एफडी मावशीला, सगळ्या मिळून साधारण २४ लाख. आणि लॉकरमधले दागिने सुनेला!! ते दागिने मावशीचे स्वतःचे आहेत हो, काही आजीने लग्नात घातलेले, बाकी तिने नोकरीत असताना पगारातून केलेले, चौदा तोळे आहेत. फ्लॅटसुद्धा दोघांच्या नावावर आहे, २००९ चं ॲग्रीमेंट, लोनचे हप्ते दोघांच्या पगारातून गेलेत.

आणि शेवटचा परिच्छेद हा: "माझ्या वारसांपैकी जो कोणी या मृत्युपत्रास कोर्टात हरकत घेईल त्याचा या मृत्युपत्रान्वये मिळणारा हक्क संपुष्टात येऊन त्यास फक्त रुपये १/- मिळतील."

मामा म्हणतो केस टाक, मृत्युपत्रच खोटं पाड. आई म्हणते हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नको, २४ लाख घे आणि गप्प बस. मावशी रडते आणि दागिन्यांचंच घेऊन बसलीये. फ्लॅट आज ८० लाखांच्या आसपास जाईल, प्लॉट ३० चा धरा. असा १ रुपयावाला क्लॉज कोर्टात चालतो का? कुणाला अनुभव?

बिनधास्त_बंड्या

चालत बिलत काही नाही असला क्लॉज. कोर्टात जायचा हक्क कोणी काढून घेऊ शकत नाही, घटनेने दिलाय. सरळ केस टाका, डायलिसिसवरच्या माणसाची सही कशी काय ग्राह्य धरणार? पोरगा घाबरून स्वतःहून तडजोडीला येतो की नाही बघा.

संत्रानगरी

बंड्याभाऊ असं छातीठोक सांगू नका, आमच्या घरात हेच होऊन बसलं आहे.

माझ्या मोठ्या आईची गोष्ट. मोठ्या बाबांची काटोलकडे संत्र्याची बाग, स्वतः घेतलेली, वडिलोपार्जित नाही. मूल नव्हतं. त्यांनी मृत्युपत्रात बाग पुतण्याला दिली (मी नव्हे, दुसरा चुलत भाऊ), मोठ्या आईला राहतं घर हयातीपर्यंत आणि बागेच्या उत्पन्नातून दर महिन्याला ठरलेली रक्कम. खाली असाच क्लॉज, जो कोर्टात जाईल त्याला काही नाही. आता मूलबाळ नाही म्हटल्यावर मृत्युपत्र रद्द झालं असतं तर सगळं तिलाच आलं असतं, त्यामुळे तिच्या माहेरच्यांनी तिला चढवलं की तू काहून घाबरून राहिली, सगळी बाग तुझी आहे. आरोप काय केला तर सही त्यांची नाही आणि शुद्धीवर नव्हते.

सही त्यांचीच निघाली. दोन साक्षीदारांपैकी एक गावातलेच डॉक्टर, ते कोर्टात येऊन सांगून गेले की माझ्यासमोर वाचून घेतलं, दोन जागी दुरुस्ती सांगितली आणि मग सही केली. म्हणजे शुद्धीवर नसलेला माणूस दुरुस्त्या सांगतो का? खाली हरली, अपिलात हरली, सात-आठ वर्षं गेली त्यात. आणि त्यानंतर पुतण्याने महिन्याची रक्कम बंद केली, म्हणाला क्लॉज वाचा. वकील म्हणाले आता त्यावर पुन्हा वेगळं भांडायचं तर भांडा, पण तोवर तिच्यात दम राहिला नव्हता. घरातून तेवढं काढलं नाही तिला, तेही गावात तोंड दाखवायचं होतं म्हणून, आणि त्यासाठीसुद्धा तिच्याकडून स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं की मी तुमच्या परवानगीने राहते. स्वतःच्या घरात परवानगीने.

बाकी तुमच्या मावशीची केस वेगळी असू शकते, मला कायदा कळत नाही. जे पाह्यलं ते सांगितलं.

निवृत्त_नाझर

दिवाणी कोर्टात नोकरी झाली, वकील नाही, त्यामुळे हे ऐकून वकिलाकडे जा, वकिलाऐवजी नको. पण सायलीताई, तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्या आहेत आणि घरातले सगळे एकाच गोष्टीवर भांडताहेत.

पहिली गोष्ट म्हणजे तो १ रुपयावाला क्लॉज. बंड्या म्हणतात तसा तो सरसकट बेकायदा नाही. आपल्याकडे भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ चा, त्यात कलम १३४ म्हणतं की अमुक घडलं तर दिलेलं परत जाईल अशी अट मृत्युपत्रात घालता येते. कायद्याने स्वतःच उदाहरण दिलंय, एकाला हयातीपर्यंत इस्टेट दिली आणि अट घातली की अमुक रानातली झाडं तोडलीस तर हक्क संपला, त्याने तोडली, हक्क गेला. कोर्टं अशा अटी घट्ट धरून वाचतात, म्हणजे जेवढं लिहिलंय तेवढंच, ताणून अर्थ काढत नाहीत. "कोर्टात हरकत" लिहिलंय तर मृत्युपत्राची नक्कल मागणं, एफडीचा हिशोब मागणं, वाक्याचा अर्थ विचारणं ही हरकत नव्हे. मुलाने प्रोबेटला, म्हणजे कोर्टाकडून मृत्युपत्रावर शिक्कामोर्तब करून घ्यायला, अर्ज केला आणि मावशीने कॅव्हेट, म्हणजे मला ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका असा अर्ज, दाखल करून "हे मृत्युपत्र खरं नाही" असं शपथेवर सांगितलं तर ती मात्र सरळसरळ हरकत.

आणि एक साधी गोष्ट लोक विसरतात. क्लॉज मृत्युपत्राच्या पोटात आहे. मृत्युपत्र खोटं ठरलं तर क्लॉजही त्याच्याबरोबर मेला. म्हणजे तो फक्त हरणाऱ्यालाच चावतो. तुमच्या मोठ्या आईचं तेच झालं संत्रानगरी, वाईट वाटलं वाचून.

आता दुसरी गोष्ट, आणि मावशीसाठी खरी तीच महत्त्वाची आहे. काकांनी मृत्युपत्रात जे त्यांचं नव्हतंच ते पण वाटून टाकलंय. दागिने मावशीचे, ते तिचं स्त्रीधन, सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्येच स्पष्ट सांगितलंय की त्यावर नवऱ्याची मालकी नसते. अर्धा फ्लॅट मावशीचा. तर त्याच १९२५ च्या कायद्यात कलम १८० पासून १९० पर्यंत याच परिस्थितीची कलमं आहेत. मृत्युपत्र करणाऱ्याने दुसऱ्याची वस्तू तिसऱ्याला दिली आणि त्याच मृत्युपत्रात त्या दुसऱ्यालाही काही दिलं, तर त्या दुसऱ्याने निवड करायची. एकतर आपली वस्तू जाऊ द्यायची आणि दिलेलं घ्यायचं, नाहीतर आपली वस्तू ठेवायची आणि मृत्युपत्रातून मिळणारं सगळं सोडायचं. दोन्ही नाही. त्याला मृत्युपत्र खोटं आहे असं म्हणावंही लागत नाही आणि क्लॉज असायचीही गरज नाही, क्लॉज नसता तरी हे लागू झालंच असतं.

कायद्यातलंच उदाहरण बघा, सुलतानपूरची शेती क ची, किंमत ८०० रुपये. अ ने ती ब ला दिली आणि क ला रोख १००० दिले. क म्हणाला मी माझी शेती सोडत नाही. त्याचे १००० गेले. त्यातले ८०० ब ला भरपाई म्हणून आणि उरलेले २०० बाकीच्या इस्टेटीत. म्हणजे ८०० वाचवायला १००० घालवले. कायदा त्याला अडवत नाही, शहाणपण तुझं तुझ्याजवळ!

म्हणून नुसतं दागिन्यांसाठी भांडायला निघाली तर चौदा तोळे परत येतील पण २४ लाख आणि राहायची मुभा दोन्ही जाईल. आजचा सोन्याचा भाव सोनाराकडे विचारा आणि कागदावर मांडा. अर्धा फ्लॅट धरला की मात्र हिशोब उलटा फिरतो. ४० लाखांचा अर्धा फ्लॅट अधिक दागिने एका बाजूला, २४ लाख अधिक राहायची मुभा दुसऱ्या बाजूला. आणि राहायचं म्हणाल तर अर्ध्याची मालकीण राहणारच की, मुलाला वाटपाचा दावा लावावा लागेल.

मृत्युपत्र मोडलंच तर? हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे विधवा आणि मुलगा दोघेही वर्ग १ चे वारस, समान वाटा. काकांची आई हयात नाही असं धरतो, असेल तर सांगा, तिचाही वाटा येतो. काकांचा अर्धा फ्लॅट ४०, एफडी २४, प्लॉट ३०, एकूण ९४, त्याचा अर्धा ४७ मावशीला, शिवाय स्वतःचे ४० आणि दागिने. आणि केस हरली तर? एफडी गेली, मुभा गेली. पण तिचा स्वतःचा अर्धा फ्लॅट आणि दागिने कुठे जात नाहीत, कारण ते तिला मृत्युपत्रातून मिळालेलेच नाहीत, मृत्युपत्रातला क्लॉज ते कसा काढून घेणार? म्हणजे हरली तरी ती बरोबर तिथेच येऊन पडते जिथे नुसती आपली वस्तू ठेवली असती तर पडली असती, वर वकिलाची फी आणि वर्षं गेली ती वेगळी. आपला अर्धा फ्लॅट सोडायचा नाही हे एकदा ठरवलं की त्या १ रुपयाच्या धमकीत काही उरत नाही. धमकीला दम आहे तो फक्त २४ लाख घेऊन गप्प बसायचं असेल तर.

आता हे सगळं एका गोष्टीवर अडून आहे. मृत्युपत्रात फ्लॅटबद्दल नेमके शब्द काय आहेत? "माझा फ्लॅटमधील हिस्सा" की "संपूर्ण फ्लॅट"? हिस्सा लिहिलं असेल तर फ्लॅटपुरता प्रश्नच मिटला, निवड करायची गरज नाही. ते वाक्य जसंच्या तसं इथे टाका, नावं पत्ते गाळून.

कायद्याचा_किडा

नाझरसाहेब सुंदर लिहिलंत पण एक राहिलं. हयातीपर्यंत राहायची मुभा दिली आहे ना, मग हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ प्रमाणे बाईला मिळालेला मर्यादित हक्क आपोआप पूर्ण मालकीचा होतो. १९७७ चा तुलसम्मा निकाल. मावशी ऑलरेडी पूर्ण फ्लॅटची मालकीण आहे, मुलाला काही मिळत नाही, विषय संपला!

ॲड_ठाणेकर

विषय एवढ्यात संपत नाही किडाभाऊ 🙂 वकील आहे, पण इथलं बोलणं सल्ला म्हणून धरू नये, कागद बघितलेले नाहीत.

कलम १४ ला दोन भाग आहेत. १४(१) म्हणतं बाईच्या ताब्यातली मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची. १४(२) म्हणतं मृत्युपत्र, बक्षीसपत्र वगैरेंनी मुळातच मर्यादित हक्क दिला असेल तर तो मर्यादितच राहतो. तुलसम्मा निकालात ती मालमत्ता पोटगीच्या आधीपासूनच्या हक्कापोटी मिळाली होती म्हणून १४(१) लागलं. नवऱ्याने स्वकष्टार्जित मिळकतीचं मृत्युपत्र करून बायकोला हयातीपुरतं दिलं तर काय, यावर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने १४(२) लावलं, म्हणजे हयातीपुरतंच, विकता येणार नाही. आणि या दोन पोटकलमांच्या वादावर इतक्या वर्षांत इतके उलटसुलट निकाल झालेत की डिसेंबर २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने हा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवावा असं सांगितलं. तेव्हा १४(१) हा वकिलाने मांडायचा मुद्दा आहे, मावशीने त्याच्या भरवशावर २४ लाख पणाला लावायचे नाहीत.

डायलिसिसबद्दल. डायलिसिस म्हणजे वेडेपणा नव्हे. आजारी माणूस मृत्युपत्र करू शकतो, त्याला काय करतोय ते कळत असलं की झालं. मात्र ज्याला फायदा होतोय त्यानेच वकील बघून, गाडी करून, साक्षीदार आणून मृत्युपत्र करवून घेतलं असेल तर ती संशयास्पद परिस्थिती धरतात आणि तो संशय दूर करायची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर असते, हे १९५८ पासून ठरलेलं आहे. रजिस्टर आहे म्हणून आपोआप सिद्ध होत नाही, निदान एक साक्षीदार हयात असेल तर त्याला कोर्टात यावंच लागतं. पण या केसमध्ये बायकोला अगदीच वाऱ्यावर सोडलेलं नाही, २४ लाख आणि छप्पर दिलंय. बायकोला पूर्ण डावलणं हा एक मोठा संशयाचा मुद्दा असतो, तो इथे मिळत नाही. ज्या कुणी ड्राफ्ट केलंय त्याला काम येतंय. एवढं देऊन ठेवायचं की सोडवत नाही, क्लॉजची सगळी करामत त्यातच असते, काहीच दिलं नाही तर गमावायला काय आहे.

सायली_डोंबिवली

बापरे, एवढं मला कोणी सांगितलंच नव्हतं, दोन वकिलांना भेटून आलो तरी. काकांची आई नाहीये, खूप आधी गेल्या.

आत्ता मृत्युपत्राची झेरॉक्स समोर घेऊन बसलीये. फ्लॅटचं वाक्य: "माझ्या मालकीचा डोंबिवली येथील सदनिका क्रमांक अमुक, क्षेत्रफळ तमुक, मी माझा मुलगा याजला देत आहे." हिस्सा वगैरे शब्द नाही आणि "संपूर्ण" असाही नाही. मावशीच्या नावाचा उल्लेखच नाही की तिचं नावही ॲग्रीमेंटवर आहे म्हणून. दागिन्यांचं वाक्य: "बँक लॉकरमधील सर्व सोन्याचे दागिने माझ्या सूनबाईस द्यावेत." लॉकर दोघांच्या नावावर आहे.

आणि अजून एक, हे आधी सांगायला हवं होतं का माहीत नाही, मावशी एफडींना नॉमिनी होती त्यामुळे बँकेने एक ५ लाखांची तिच्या नावे करून पण दिली जानेवारीत आणि त्यातून तिने हॉस्पिटलचं उरलेलं बिल आणि दिवसकार्याचा खर्च भागवला. याने काही बिघडलं का??

निवृत्त_नाझर

बिघडलंय असं लगेच म्हणू नका, पण पुढची एफडी मोडू नका आता.

त्याच कलमांमध्ये पुढे आहे की मृत्युपत्रातला लाभ स्वीकारला म्हणजे निवड केली असं धरतात. पण कधी, तर आपल्याला निवड करायचा हक्क आहे हे त्या माणसाला माहीत असेल तर. दोन वर्षं कसलाही विरोध न दाखवता लाभ उपभोगला तर मग माहीत होतं असंच गृहीत धरतात. दुसरं म्हणजे असं काही करून बसला की परिस्थिती पूर्ववत होऊच शकत नाही, तरी निवड झाली. त्याचंही उदाहरण कायद्यात आहे, एकाला कोळशाची खाण दिली आणि त्याची इस्टेट दुसऱ्याला. त्याने खाण ताब्यात घेतली आणि सगळा कोळसा उपसून संपवला. आता माझी इस्टेट परत द्या म्हणायचं तोंड राहिलं नाही त्याला.

मावशीचा सगळा कोळसा काही संपलेला नाही, १९ लाख शिल्लक आहेत. शिवाय काकांच्याच हॉस्पिटलचं बिल भरलंय, ते तसंही इस्टेटीतूनच जायला हवं होतं. ती बिलं आणि पावत्या फाईलला लावून ठेवा, नंतर कोणी "तुम्ही लाभ घेतलात" म्हणालं तर उत्तर तिथे आहे. आणि ॲडव्होकेटसाहेबांना पटलं तर नॉमिनी म्हणून मिळालेले पैसे हा मृत्युपत्रातला लाभ नव्हेच असंही म्हणता येईल, नॉमिनी म्हणजे नुसता सांभाळणारा.

घाईसुद्धा नको. मृत्यूनंतर वर्षभरात तिने काही कळवलं नाही तर मग समोरचा विचारू शकतो की बाई तुमचं काय ते ठरवा, आणि विचारल्यावरही रास्त वेळेत उत्तर दिलं नाही तर मृत्युपत्र मान्य आहे असं धरतात. म्हणजे दिवाळीच्या सुमाराला मुलाकडून नोटीस येऊ शकते, ती आली की कपाटात ठेवून देऊ नका.

ॲड_ठाणेकर

नॉमिनीचा मुद्दा बरोबर. सुप्रीम कोर्टाने विम्याबाबत तेव्हाच्या कायद्यावर डिसेंबर १९८३ मध्ये आणि शेअर्सबाबत डिसेंबर २०२३ मध्ये तेच सांगितलंय, नॉमिनी मालक होत नाही.

वाक्यांबद्दल बोलतो. "माझ्या मालकीचा" हे शब्द मावशीच्या बाजूने वाचता येतात. माणूस जे त्याचं आहे तेवढंच देतोय असं कोर्ट आधी धरून चालतं, दुसऱ्याचं द्यायचं होतं हे मृत्युपत्रातून स्वच्छ दिसावं लागतं. सहमालक जेव्हा माझी सदनिका म्हणतो तेव्हा त्याचा त्यातला हिस्सा असं वाचायला जागा आहे. हे वाचन टिकलं तर फ्लॅटपुरती निवड करायची वेळच येत नाही, मावशीचे ४० लाख तिचे, आणि एफडी २४ लाखही तिच्या. समोरचा म्हणेल की पूर्ण क्षेत्रफळ लिहिलंय, मावशीला राहायची मुभा दिलीय म्हणजे पूर्ण फ्लॅटच आपला समजत होते. भांडण त्यावर होईल. पण बघा, हे भांडण मृत्युपत्राचा अर्थ काय यावरचं आहे, मृत्युपत्र खोटं आहे असं कुठेच म्हणायचं नाही. क्लॉजच्या बाहेर राहून ४० लाखांसाठी लढता येतंय. मी असतो तर इथून सुरुवात केली असती, खोट्या सहीपासून नाही.

दागिन्यांचंही तसंच. "लॉकरमधील सर्व दागिने" म्हणजे काकांचे लॉकरमध्ये असलेले सर्व, अंगठी चेन काही असेलच त्यांची. तिच्या दागिन्यांच्या पावत्या, लग्नातले फोटो, जुन्या सोनाराची बिलं जमवा. पण हे वाक्य फ्लॅटपेक्षा कठीण आहे, "माझे" शब्द नाही त्यात. इथे निवडीचा धोका जास्त. मावशीला विचारा, कटू वाटेल, पण दागिन्यांसाठी एफडी सोडायची तयारी आहे का?

मृत्युपत्रात कुठे "या ऐवजी", "याच्या बदल्यात" असं लिहिलंय का तेही बघा. एखादी गोष्ट तुझ्या अमुक वस्तूच्या बदल्यात दिली असं स्पष्ट म्हटलं असेल तर तेवढीच सोडावी लागते, बाकीचं राहतं. कायद्याचं उदाहरण विधवेचंच आहे, इस्टेटीतल्या हक्काऐवजी वर्षाला २०० रुपये आणि वेगळे १००० रोख, तिने इस्टेट धरली, २०० गेले, १००० राहिले.

म्हापसेकर

हे सगळं वाचून आमच्या गोंयच्या कायद्याचं बरं वाटलं पहिल्यांदाच. आमच्याकडे वेगळा करार केला नसेल तर लग्न झालं की मालमत्ता सामायिक, अर्धी बायकोची. नवऱ्याला ती मृत्युपत्रात लिहिताच येत नाही. त्याच्या अर्ध्यातलाही अर्धा मुलांसाठी राखीव, उरलेल्या चौथाईचं काय करायचं ते कर म्हणतात. पोर्तुगीजांच्या १८६७ च्या सिव्हिल कोडापासूनचं, आता २०१२ चा उत्तराधिकार कायदा आहे आणि त्यात इन्व्हेंटरीच्या कोर्टात सगळी यादी होते. सायलीताय, काका मूळचे गोव्याचे नव्हेत ना? कारण २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की गोवेकराची गोव्याबाहेरची मालमत्तासुद्धा याच कायद्याखाली येते.

सायली_डोंबिवली

नाही हो, काका कराडचे पक्के. 😅

एडिसनची_सुनिता

इथे न्यू जर्सीत असे क्लॉज सर्रास असतात, पण इथल्या कायद्यात आहे की हरकत घेण्यामागे सबळ कारण असेल तर क्लॉज लागू होत नाही. फ्लोरिडात तर तो लागूच होत नाही म्हणे, आमच्या वकिलाने सांगितलं होतं आणि नंतर मी कायदा वाचला, खरंय. आपल्याकडे असा सरळ एका ओळीचा नियम केला तर किती बायकांचं टेन्शन जाईल.

बिनधास्त_बंड्या

मी माझं पहिलं वाक्य मागे घेतो पण मामांना कोण सांगणार 😂

सायली_डोंबिवली

मामाला काल रात्री हा सगळा धागा वाचून दाखवला, तो अजूनही म्हणतोय मृत्युपत्र खोटंच आहे, पण निदान "आधी फ्लॅटच्या वाक्याचं बघू" एवढ्यावर आलाय. मावशीला दागिन्यांचं विचारलं. ती म्हणाली आजीच्या पाटल्या सोडून बाकी सुनेला गेले तरी चालतील, पाटल्या देणार नाही. मग नाझरकाका, नुसत्या पाटल्या मागून घेतल्या तर ते निवडीत येतं का हो?

निवृत्त_नाझर

एका पाटलीसाठी "माझं मला द्या" असं कागदावर आलं की आलंच ते निवडीत. म्हणून आधी कोर्टाबाहेर बोला. सून वाईट आहे का? नसेल तर तिच्याशीच बोला, मुलाशी नको. तिने पाटल्या राजीखुशीने मावशीला दिल्या आणि बाकीच्यांना मावशीने हरकत घेतली नाही तर कसली निवड आणि कसला क्लॉज. पण काही ठरलं तर दोन ओळी लिहून दोघींच्या सह्या घ्या, तोंडी नको. आणि त्या ओळींत मावशीने फ्लॅटवरचा हक्क सोडला असं चुकूनही यायला नको. मुलगा हक्कसोड पत्राचा मसुदा घेऊन आला की कितीही गोड बोलला तरी त्या दिवशी सही नाही.

वकिलाकडे जाताना २००९ च्या ॲग्रीमेंटची इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, लोनच्या हप्त्यांचं मावशीच्या खात्याचं स्टेटमेंट आणि मृत्युपत्राची रजिस्टर ऑफिसातून काढलेली सहीशिक्क्याची नक्कल घेऊन जा. मुलाने दिलेली झेरॉक्स नको, पान बदललेलं नाही हे आधी बघून घ्या.

सायली_डोंबिवली

सहीशिक्क्याच्या नकलेचा अर्ज उद्याच देते. सूनबाईचा नंबर आहे माझ्याकडे, आम्ही एकमेकींचे स्टेटस बघतो.